बाई, नाव काय लिहू?

लग्नात उखाणा घ्यायची वेळ येते तेव्हा आपण हसतो, टाळ्या वाजवतो, मोबाइलवर व्हिडिओ काढतो. उखाण्याचा उगम मात्र एका बंदीत आहे. बाईने नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही. घ्यायचंच झालं तर समारंभात, चारचौघींनी आग्रह केल्यावर, यमकात गुंडाळून. एरवी तो 'अहो', 'हे', नाहीतर 'बंडूचे बाबा'.

आणि तिचं स्वतःचं नाव? तेही लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून अंगठीने नव्याने लिहिलं जायचं. हे नवं नाव पुढे सासरी कोणी हाकेत वापरायचं असंही नाही. ती आधी सूनबाई, मग वहिनी, मग बंडूची आई. माझ्या आजीचं माहेरचं नाव आम्हा नातवंडांना कळलं ते तिच्या दहाव्याला. तिचा धाकटा भाऊ त्या नावाने तिला हाक मारून रडायला लागला आणि आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. हे कोणाबद्दल बोलतायत?

जुने जमिनीचे कागद कधी पाहिले असतील तर त्यात 'पार्वती कोम गणपत' अशी नोंद दिसते. कोम म्हणजे बायको. कुठे 'भ्रतार' लिहून पुढे नवऱ्याचं नाव. निदान या कागदांवर पार्वती तरी आहे. देशाच्या मोठ्या भागात तेवढंही सांगायची पद्धत नव्हती. परक्या पुरुषाला आपलं नाव सांगणं घरंदाज बाईला शोभत नाही, असा समज होता.

स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांतच असा एक परका पुरुष हातात कागद घेऊन देशातल्या प्रत्येक दारात जाऊन उभा राहिला. त्याला मतदार यादी करायची होती. त्याने विचारलं, "बाई, नाव काय लिहू?" आतून उत्तर आलं, "रामलालची बायको." त्याने तेच लिहिलं आणि तो पुढच्या घरी गेला.

या एका नोंदीमुळे पुढे जे झालं ते आपल्या निवडणुकांच्या इतिहासातलं एक मोठं आणि कमी सांगितलं गेलेलं प्रकरण आहे.

खासदार कुठून सुरू होतो

खासदार कसा निवडून येतो, हे आपण नागरिकशास्त्रात शिकलो. लोकसभेच्या ५४३ जागा, प्रत्येक मतदारसंघातून एक खासदार, ज्याला सगळ्यात जास्त मतं तो विजयी. निम्म्याहून जास्त मतं मिळायलाच हवीत अशी अट नाही. दहा उमेदवारांत मतं वाटली गेली तर तीस टक्क्यांवरही माणूस दिल्लीला जातो. उभं राहायला वय किमान २५ हवं, अनामत रक्कम भरावी लागते, आणि पडलेल्या वैध मतांपैकी एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत तर 'डिपॉझिट जप्त' होतं. राज्यसभेचा मार्ग वेगळा. तिथे बहुतेक सदस्यांना राज्यांच्या विधानसभांमधले आमदार पसंतीक्रमाने मतं देऊन निवडतात आणि १२ जणांची राष्ट्रपती नियुक्ती करतात.

पण या सगळ्याच्या आधी एक पायरी आहे. मत द्यायचं तर मतदार यादीत नाव हवं. उमेदवार व्हायचं तरीही यादीत नाव हवं. लोकसभेला उभा राहणारा माणूस देशातल्या कुठल्या तरी मतदारसंघाचा मतदार असावाच लागतो. त्याचं नाव सुचवणारे सूचकही त्या मतदारसंघाचे मतदार असावे लागतात. म्हणजे संसदेचं पहिलं दार दिल्लीत नाही. ते गावच्या चावडीवर लावलेल्या यादीत आहे. त्या यादीत जिचं नाव नाही, तिच्यासाठी पुढची सगळी दारं आपोआप बंद.

नवऱ्याच्या घरपट्टीवर मिळालेलं मत

इंग्रजांच्या काळात निवडणुका होत होत्या, पण मत मूठभरांना होतं. जमीन, कर, शिक्षण यांच्या अटी होत्या आणि बाईचा तर त्यात विचारच नव्हता. डिसेंबर १९१७ मध्ये भारतमंत्री माँटेग्यू मद्रासला आले असताना सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचं एक शिष्टमंडळ त्यांना भेटलं. मागणी अशी होती की हिंदी लोकांना राजकीय हक्क देणार असाल तर 'लोक' या शब्दात बायकाही धरा. पुढच्याच वर्षी मुंबईत काँग्रेसचं खास अधिवेशन भरलं. तिथे सरोजिनीबाईंनी स्त्रियांच्या मताधिकाराचा ठराव मांडला आणि तो मंजूर झाला.

सरकारी समितीने मात्र नकार दिला. हिंदी समाज अजून तयार नाही, पडद्यातल्या बायका मतदानाला कशा येणार, वगैरे. तेव्हा १९१९ मध्ये मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची विशीतली मुलगी मिठन लंडनला गेल्या. सरोजिनीबाईही तिथे होत्या. त्यांनी साक्षी दिल्या, सभा घेतल्या, लोकांना भेटत राहिल्या. ही मिठन म्हणजे पुढे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारी पहिली स्त्री, मिठन लाम.

ब्रिटिश संसदेने मधला मार्ग काढला. बायकांना मत द्यायचं की नाही, ते प्रत्येक प्रांताच्या कायदेमंडळाने ठरवावं. १९२१ मध्ये मद्रास आणि मुंबई या प्रांतांनी पहिल्यांदा 'हो' म्हटलं. पण संपत्तीची अट तशीच राहिली आणि संपत्ती होती पुरुषांच्या नावावर. मत मिळालं तरी ते देऊ शकणाऱ्या बायका अगदीच थोड्या होत्या.

उभं राहायची परवानगी आणखी उशिरा आली. १९२६ मध्ये कमलादेवी चट्टोपाध्याय मद्रास कायदेमंडळासाठी उभ्या राहिल्या. तयारीला पुरेसा वेळ नव्हता. थोडक्या मतांनी त्या हरल्या. पण मतपत्रिकेवर बाईचं नाव येऊ शकतं, हे देशाने पाहिलं. दुसऱ्याच वर्षी डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी मद्रास कायदेमंडळात नियुक्त सदस्य म्हणून आल्या आणि उपाध्यक्षही झाल्या.

१९३५ च्या कायद्याने बायकांची संख्या वाढवायची एक युक्ती काढली. नवऱ्याकडे ठरावीक मालमत्ता असेल, तो ठरावीक कर भरत असेल, तर त्याच्या बायकोलाही मत. सैनिकाची पेन्शनर विधवा किंवा आई असेल तरी मत. साक्षर असेल तर मत. अशा सगळ्या मिळून साधारण ६० लाख स्त्रिया मतदार झाल्या. ही संख्या त्या काळात मोठीच होती. तरी अटीकडे नीट बघा. घरपट्टी नवऱ्याची, शेतसारा नवऱ्याचा, आणि त्याची बायको म्हणून तिला मत. सरकारने तिला मतदार म्हणून ओळखलं ते कोणाची तरी बायको, कोणाची तरी आई म्हणून. कारकुनालाही तिची नोंद अशीच करायची सवय लागली.

स्त्रियांच्या संघटनांना हे मान्य नव्हतं. त्या वर्षानुवर्षं म्हणत होत्या की आम्हाला कोणाच्या नात्याने मत नको. प्रत्येक प्रौढ माणसाला मत द्या, त्यात आम्ही आलोच.

यादी आणि अठ्ठावीस लाख

घटना समितीत पंधरा स्त्रिया होत्या. हंसा मेहता, दुर्गाबाई देशमुख, राजकुमारी अमृत कौर, अ‍ॅनी मस्करीन, आणि समितीतल्या एकमेव दलित स्त्री दाक्षायणी वेलायुधन. मुंबई प्रांतातून आलेल्या हंसाबाईंनी १९४६ च्या डिसेंबरमध्येच सभागृहात सांगितलं होतं की आम्ही कधीच राखीव जागा किंवा सवलती मागितल्या नाहीत. आम्हाला सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय हवा आहे. घटनेने २१ वर्षांवरच्या प्रत्येकाला मत दिलं. संपत्ती, शिक्षण, कोणाचं नातं, काहीही न बघता. हे वय १८ झालं ते पुढे १९८९ मध्ये.

कागदावर एका ओळीत झालेलं हे काम जमिनीवर उतरवायचं होतं. घटना लागू व्हायच्या आधीच, १९४८ पासून, याद्यांचं काम सुरू झालं. फाळणी होऊन जेमतेम वर्ष झालेलं, लाखो निर्वासित छावण्यांत, संस्थानांचं विलीनीकरण चालू. अशात तलाठी, शिक्षक, कारकून घरोघरी फिरत होते. १९५० च्या मार्चमध्ये सुकुमार सेन देशाचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले. ते आयसीएस अधिकारी, मूळचे गणिताचे विद्यार्थी. त्यांच्यासमोर सतरा कोटींहून जास्त मतदार होते आणि त्यांतल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता अठरा टक्क्यांच्या आसपास होती, स्त्रियांची तर नऊ टक्केही नव्हती.

याद्या गोळा होऊ लागल्या तेव्हा लक्षात आलं की लाखो नोंदींमध्ये नावच नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी', 'फलाण्याची आई' अशा नोंदी. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत आणि विंध्य प्रदेश या भागांत हे सगळ्यात जास्त होतं. घरोघरी फिरलेल्या माणसाने बाईला विचारलं असेल आणि ती बोलली नसेल. किंवा त्याने ओसरीवरच्या पुरुषाला विचारलं असेल आणि त्याने आपल्याच नावावर भागवलं असेल. किंवा विचारलंच नसेल. यादीवर परिणाम एकच होता.

सेनांनी आदेश काढला की नाव हा ओळखीचा मुख्य भाग आहे. नाव दिल्याशिवाय नोंद धरायची नाही. पुन्हा घरोघरी जा, बायकांना समजावा, नावं मिळवा. बिहारला त्यासाठी मुदतही वाढवून दिली गेली आणि तिथे तिचा उपयोग झाला. राजस्थानातही तसा प्रयत्न झाला, पण फारसा प्रतिसाद मिळाला नाही.

शेवटी साधारण आठ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख जणींनी नाव दिलं नाही. त्या यादीतून कमी झाल्या.

हा आकडा केवढा, ते असं बघू. पहिल्या लोकसभेच्या ४८९ जागांसाठी निवडणूक झाली. मतदार सतरा कोटींच्या वर, म्हणजे एका जागेमागे साधारण साडेतीन लाख. २८ लाख म्हणजे आठ खासदार निवडून देता येतील एवढ्या बायका.

सेनांचं चुकलं का? याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही. 'रामलालची बायको' या नावाने मतदान केंद्रावर कोणीही येऊ शकतं आणि गावात रामलाल तीन असतील तर ती कुठल्या रामलालची हे कोण ठरवणार? बोगस मतदान रोखायचं तर नाव हवंच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सरकार त्या बाईला पहिल्यांदाच असं सांगत होतं की तू कोणाची कोण आहेस हे आम्हाला नको, तू कोण आहेस ते सांग. १९३५ च्या कायद्याने नेमकं उलटं विचारलं होतं.

तरी किंमत कोणी मोजली, हेही बघायला हवं. नाव न सांगण्याची शिकवण बाईने स्वतः शोधून काढलेली नव्हती. ती शिकवण देणाऱ्या घरातल्या सगळ्या पुरुषांची नावं यादीत शाबूत राहिली. रामलालने मत दिलं. त्याच्या बायकोला तो हक्क मिळाला नाही आणि बहुधा तो गेल्याचंही तिला कोणी सांगितलं नसेल. यावर देशात आरडाओरडा झाला. सेनांचं म्हणणं होतं की हा गाजावाजा चांगलाच आहे, पुढच्या निवडणुकीपर्यंत लोकांच्या मनातली ही अढी त्यामुळेच निघेल. तसं बऱ्याच प्रमाणात झालंही. १९५७ च्या निवडणुकीपर्यंत प्रौढ स्त्रियांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त जणी यादीत आल्या होत्या. पण १९५२ ची पहिली संधी गेली ती गेलीच.

विक्रोळीच्या पेट्या, नाशिकच्या चिठ्ठ्या

ज्यांची नावं होती त्यांनी मतदान कसं केलं? आज आपण बटण दाबतो. त्यावेळी मतपत्रिकेवर कोणाचंच नाव नव्हतं. एक रुपयाच्या नोटेएवढा कागद, नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेला. वाचता न येणाऱ्या मतदाराला नावांच्या यादीवर शिक्का मारायला लावण्याऐवजी प्रत्येक उमेदवाराची पेटीच वेगळी ठेवली होती. पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. बैलजोडी, झोपडी, कणीस-विळा. मतदाराने आडोशामागे जायचं आणि आपल्याला हव्या त्या चिन्हाच्या पेटीत कागद टाकायचा.

अशा वीस लाखांहून जास्त लोखंडी पेट्या लागल्या. त्यांतल्या बारा लाखांहून जास्त पेट्या मुंबईजवळ विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात काही महिन्यांत तयार झाल्या. अनेक ठिकाणी बायकांसाठी वेगळी केंद्रं होती आणि तिथे शक्य तेवढ्या बायकाच कर्मचारी म्हणून नेमल्या होत्या.

पहिलं मत पडलं ते २५ ऑक्टोबर १९५१ ला, हिमाचलमधल्या चिनी तहसिलीत. हिवाळ्यात तिथले रस्ते बर्फाने बंद होतात, म्हणून बाकी देशाच्या आधीच तिथे मतदान उरकलं. पुढे फेब्रुवारी १९५२ पर्यंत हे चालू राहिलं. साधारण ४५ टक्के लोकांनी मत दिलं.

चिनी ज्या मतदारसंघात होतं, त्या मंडी-महासूमधून निवडून आल्या राजकुमारी अमृत कौर. तेव्हा काही मतदारसंघांतून दोन-दोन खासदार निवडले जायचे, त्यांतलाच हा एक. म्हणजे स्वतंत्र भारतातल्या पहिल्या मतपेट्यांपैकी काही पेट्या एका बाईच्या होत्या. अमृत कौर तेव्हा देशाच्या आरोग्यमंत्री होत्या आणि निवडणुकीनंतरही राहिल्या. दिल्लीतलं एम्स उभं राहिलं ते त्यांच्या प्रयत्नांतून.

ज्यांनी नाव दिलं

एकीकडे २८ लाख बायका दारात आलेल्या माणसाला नाव सांगू शकत नव्हत्या. त्याच निवडणुकीत काही बायका आपलं नाव भिंतीभिंतींवर रंगवून मतं मागत होत्या.

तिरुवनंतपुरममधून अ‍ॅनी मस्करीन अपक्ष निवडून आल्या, पाठीशी कुठलाही मोठा पक्ष नसताना. संस्थानी राजवटीविरुद्धच्या लढ्यात त्या तुरुंगात जाऊन आल्या होत्या. बंगालमधल्या बशीरहाटमधून कम्युनिस्ट पक्षाच्या रेणू चक्रवर्ती आल्या. नवी दिल्लीत तर मुख्य लढतच दोन बायकांमध्ये झाली. काँग्रेसच्या मनमोहिनी सहगल या नेहरूंच्या नात्यातल्या. त्यांना हरवलं सुचेता कृपलानींनी, आणि त्या तेव्हा काँग्रेसबाहेर पडून किसान मजदूर प्रजा पक्षातून लढत होत्या. हीच बाई अकरा वर्षांनी उत्तर प्रदेशात देशातली पहिली महिला मुख्यमंत्री झाली.

आपल्याकडच्या तीन नावांची आठवण मराठी वाचकांनाही क्वचित असते. नागपूरमधून अनसूयाबाई काळे, पुणे दक्षिणमधून इंदिरा मायदेव, मुंबई उपनगरमधून जयश्री रायजी. अनसूयाबाई राजकारणात नवख्या नव्हत्या. १९३७ मध्येच त्या मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेत उपाध्यक्ष झाल्या होत्या. १९४२ च्या आष्टी-चिमूर प्रकरणात फाशीची शिक्षा झालेल्यांना वाचवण्यासाठी त्या धडपडल्या होत्या. १९५७ मध्ये नागपूरकरांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. मुंबईच्या व्हायोलेट अल्वा राज्यसभेत गेल्या आणि पुढे तिथल्या उपसभापती झाल्या. त्यांचे पती जोकिम लोकसभेत होते. एकाच वेळी संसदेत असलेलं हे पहिलं जोडपं.

आणि १९५७ मध्ये गुणा मतदारसंघातून आल्या ग्वाल्हेरच्या विजयाराजे शिंदे. जन्मनाव लेखा दिव्येश्वरी. आईकडून नेपाळच्या राणा घराण्याशी नातं. लग्न होऊन शिंद्यांच्या मराठी घरात आल्यावर त्या विजयाराजे झाल्या. तेच ताटातले तांदूळ, फक्त ताट राजवाड्यातलं. पुढे अनेक निवडणुका त्यांनी सासरच्या त्या नावावर जिंकल्या आणि ते नाव नवऱ्याच्या नावापेक्षा मोठं झालं.

या सगळ्या जणी धरूनही पहिल्या लोकसभेत बायका पाच टक्क्यांच्या आसपासच होत्या.

मत वाढलं, खुर्च्या नाही

पुढचा इतिहास दोन वेगवेगळ्या गतींनी चालला. १९६२ मध्ये पुरुषांचं मतदान ६३ टक्के होतं आणि बायकांचं ४६ टक्क्यांच्या थोडं वर. सतरा टक्क्यांची दरी. ती हळूहळू बुजत गेली आणि २०१९ मध्ये बायकांच्या मतदानाची टक्केवारी पुरुषांच्या किंचित पुढे गेली. २०२४ मध्येही तसंच झालं. ज्यांच्या आज्या-पणज्यांची नावं यादीतून कमी झाली, त्या आता रांगेत पुढे आहेत.

खासदारांचं तसं झालं नाही. १९७७ मध्ये अख्ख्या लोकसभेत फक्त १९ बायका होत्या. त्यांतल्या दोन एकट्या मुंबईच्या, मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर. महागाईविरोधी मोर्च्यांत लाटणी घेऊन बायकांना रस्त्यावर आणणाऱ्या या दोघी. 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में' ही त्या वर्षीची घोषणा घरातल्या मोठ्यांना विचारा, त्यांना अजून पाठ असेल. मृणालताईंना 'पाणीवाली बाई' हे नाव लोकांनी दिलं होतं, ते त्यांच्या कामावरून.

२०१९ मध्ये ७८ बायका लोकसभेत आल्या, २०२४ मध्ये ७४. म्हणजे ५४३ पैकी चौदा टक्क्यांच्याही आत. कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. मत द्यायला यादीत नाव पुरतं. निवडून यायला पक्षाचं तिकीट लागतं, आणि तिकीट वाटणाऱ्या खोलीत कोण बसतं ते तुम्हाला माहीत आहे.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये संसदेने १०६ वी घटनादुरुस्ती मंजूर केली. लोकसभेच्या आणि विधानसभांच्या एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखीव. लोकसभेत ४५४ मतं बाजूने पडली, दोन विरोधात. पण ती अमलात यायला आधी जनगणना आणि मग मतदारसंघांची पुनर्रचना व्हायला हवी, असं त्यातच लिहून ठेवलं आहे. हंसाबाईंच्या पिढीने राखीव जागा नको म्हटलं होतं. त्यांना वाटलं होतं, समान हक्क मिळाले की बाकी आपोआप होईल. सत्तर वर्षांत ते आपोआप झालं नाही.

आरक्षणाने सगळं होईल असंही नाही. ग्रामपंचायतीत आपण पाहतो, फलकावर नाव सरपंचबाईंचं आणि खुर्चीत 'सरपंचपती'. १९५० मध्ये बाईचं नाव गायब होतं आणि माणूस घरात होता. आता नाव फलकावर असतं आणि बाई घरात. पण जिथे बाई स्वतः खुर्चीत बसली, तिथे गावाला फरक कळतो, आणि ती बसू शकली कारण आधी नाव लागलं होतं.

नाव अजून गळतं

हा इतिहास संपला असं वाटत असेल तर नुकत्याच लग्न झालेल्या एखाद्या मैत्रिणीला विचारा. माहेरच्या यादीतलं नाव 'स्थलांतरित' म्हणून कमी झालेलं असतं आणि सासरच्या यादीत ते चढलेलं नसतं. आधार कार्डावर एक आडनाव, मतदार ओळखपत्रावर दुसरं, पॅनवर तिसरंच. मुलगा त्याच घरात राहतो म्हणून त्याचं नाव हलत नाही. गळतं ते तिचं.

उपाय फोनवरच आहे. पहिल्यांदा नोंदणी करायची तर फॉर्म ६. पत्ता बदलला, नावात दुरुस्ती हवी, तर फॉर्म ८. अठरा पूर्ण झाल्यावर आता जानेवारीपर्यंत थांबायची गरज नाही. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा वर्षात चार तारखा धरल्या जातात. आणि नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही. जे नाव ठेवायचं ते ठेवा, पण ते यादीत आहे का, ते निवडणूक जाहीर व्हायच्या आधी बघा. मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाऊन वाद घालण्यात काही अर्थ नसतो. तिथल्या अधिकाऱ्यासमोर यादी असते आणि यादीत नाव नसेल तर त्याच्या हातात काहीच नसतं.

माझी आजी कधी मतदान चुकवायची नाही. कोणाला मत दिलं ते तिने कधीच सांगितलं नाही, आजोबांनाही नाही. मात्र त्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसायची. आम्हाला वाटायचं, म्हातारीला मिरवायची हौस. पुढे मी स्वतः मतदान केंद्रावर रांगेत उभा राहिलो तेव्हा कळलं. आत गेल्यावर पहिला अधिकारी यादीतला तुमचा क्रमांक आणि पूर्ण नाव मोठ्याने वाचतो, समोर बसलेल्या सगळ्या पक्षांच्या प्रतिनिधींना ऐकू जाईल असं. तो नियम आहे.

ते नाव सासरचंच होतं, तांदळात लिहिलेलं. पण घरात, शेतात, देवळात जिला सगळे 'बंडूची आई' म्हणायचे, तिचं नाव गावासमोर खणखणीत आवाजात घेतलं जायचं ते त्या एका खोलीत. आणि एक परका माणूस ते घेत असताना ती मान वर करून "हो, मीच" म्हणायची.